हौद्याच्या काठावरचा माणूस

दिवाळीच्या चार दिवसांत सारे कोल्हापूर गजबजलेले असते; सुनी असते ती फक्त तालीम. एरवी पहाटे चारच्या ठोक्याला आमच्या गल्लीच्या टोकाला जोर-बैठकांचे हुंकार सुरू होतात, आणि ते कानांवर पडले की घड्याळाकडे न बघता मी कूस बदलतो. पण धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तालमीतली खेड्यापाड्यांची पोरे ट्रंका आणि वळकट्या घेऊन एस. टी. स्टँडची वाट धरतात. आईच्या हातची अंघोळ, उटणे, करंजी यांचा मोह शड्डू ठोकणाऱ्यालाही सुटलेला नसतो. मग चार दिवस त्या दगडी इमारतीत एकच माणूस उरतो. तो फावड्याने हौद्यातली तांबडी माती खालीवर करतो, तिच्यात ताक आणि तेल जिरवतो, मारुतीपुढे दिवा लावतो आणि पायरीवर येऊन बसतो. हा तालमीचा वस्ताद. सत्तरी ओलांडलेला, कान चुरगळलेले, गुडघे कुरकुरणारे. कधीकाळी त्याच्या कुस्तीला हलगी कडाडत असे. आता त्याचे नाव गल्लीबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंद्यांत नायकाची गरज लागते. नायकाच्या मागे उभा राहणारा माणूस मात्र दोन्हींतून निसटतो. या दिवाळीला त्याच माणसाविषयी लिहावे असे मनात आले, आणि त्याला कारण झाला माझ्या वर्गातला एक विद्यार्थी.

नववीच्या वर्गात शाहूवाडीकडचा एक मुलगा शेवटच्या बाकावर बसत असे. बसत असे म्हणण्यापेक्षा झोपत असे म्हणणे बरे. फ्रेंच राज्यक्रांतीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सारा काळ त्याने निद्रेत काढला. चौकशी केली तेव्हा कळले, की तो तालमीत राहतो, साडेतीनला उठतो आणि शाळेत येण्याआधी त्याचे कित्येक जोर झालेले असतात. मी तावातावाने तालमीत गेलो. वस्ताद पायरीवर बसले होते. मी तक्रार सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “गुरुजी, चुकलंच त्येचं. उद्यापास्नं त्येला रातीच्याला आठलाच झोपवतो. पर तुमीबी येक करा. त्येला आमच्या ह्या खासबागेचा इतिहास सांगा की. बगा कसा टक्क जागा ऱ्हातो.”

मी निरुत्तर झालो. वीस वर्षे इतिहास शिकवत होतो, आणि ज्या मैदानापासून माझी शाळा हाकेच्या अंतरावर, त्याची गोष्ट मी वर्गात एकदाही सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून ती सांगितली. मुलगा खरोखरच जागा राहिला.

ती गोष्ट अशी. १९०२ साली शाहू महाराज एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने वर्तुळाकार रंगण पाहिले. स्वतः महाराज अंगापिंडाने दांडगे, कुस्तीचे शौकीन आणि जाणकार. दुसरा एखादा राजा असता, तर ते भग्न रंगण पाहून त्याने वहीत चार ओळी खरडल्या असत्या. महाराजांनी ते मनात मोजून आणले. १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभे राहिले. मधोमध मातीचा हौदा आणि त्याभोवती चढत जाणाऱ्या उताराची वर्तुळाकार बैठक. पुढच्याच्या फेट्याने मागच्याची कुस्ती झाकायची नाही, अशी ती रचना. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही डाव तितकाच स्वच्छ दिसावा, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. या मैदानातली पहिली मोठी जोड म्हणून इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांचे नाव सांगतात. इमामबक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गामाचा धाकटा भाऊ. १९१० साली लंडनमध्ये स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला त्याने चीत केले होते. मैदानाला लागूनच महाराजांनी नाटकगृह बांधले. पुढे केशवराव भोसल्यांचे नाव मिळालेले ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले, तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसे रस्त्यात उभी राहून रडली. कुस्ती आणि नाटक ही दोन्ही शेजारघरे या गावाने इतकी आपली मानली होती.

पण महाराजांचे मोठेपण मैदान बांधण्यात जितके आहे, त्याहून अधिक त्या मैदानात उतरणारी माणसे घडवण्याच्या युक्तीत आहे. त्याच १९०२ सालच्या २६ जुलैला त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्याचा हुकूम निघाला. त्याच सुमारास कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघू लागली. खेड्यातल्या हुशार मुलाला शिकायचे तर प्रथम शहरात पाठ टेकायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते. आता तालमीकडे पाहा. तीही वसतिगृहच! फरक इतकाच, की एका ठिकाणी मुलगा पुस्तक घेऊन येतो आणि दुसऱ्या ठिकाणी लंगोट घेऊन. खेड्यातला शेतकरी घरचे तूप, ज्वारी आणि बदामापुरते पैसे गाठीला बांधून मुलाला तालमीत सोडतो. मुले आपली भाकरी आपण थापतात, थंडाई आपण घोटतात, माती आपण खणतात. आणि या साऱ्यांवर ज्याची नजर असते, तो वस्ताद पूर्वापार शिकवणीची फी अशी घेत नाही. गुरुपौर्णिमेला एक नारळ, मैदान मारले तर एक फेटा, एवढीच त्याची वार्षिक मिळकत. माझा पगार सांगायला मला त्याच्यापुढे संकोच वाटतो.

वस्ताद नेमके काय करतो, हे बाहेरच्याला सहजी दिसत नाही. डाव शिकवणे हा त्याच्या कामाचा लहानसा भाग झाला. ढाक, घिस्सा, एकलंगी, कलाजंग, धोबीपछाड ही नावे पोरे एकमेकांच्या तोंडून शिकतात. वस्ताद बघतो ते वेगळेच. कोणाचा दम कुठे सुटतो, कोण मार खाल्ल्यावर चिडतो, कोण भितो, कोणाच्या घरून महिनाभर तूप आलेले नाही आणि तो ते सांगत नाही. कोणत्या पट्ठ्याला कोणाशी लढवायचे आणि कोणाशी अजून दोन वर्षे लढवायचे नाही, हा निर्णय त्याचा. अकाली लावलेल्या एका कुस्तीने पोर कायमचे खचते. कुस्ती लागली, की तो हौद्याच्या काठावर उकिडवा बसतो. आत उतरायची त्याला मुभा नाही. जे अंग आता वाकत नाही, त्या अंगाची सारी विद्या दुसऱ्याच्या अंगातून वळताना पाहायची आणि ओठ आवळून बसायचे, याहून कठीण आसन मला ठाऊक नाही.

खाशाबा जाधवांची कथा आपण शाळेपासून ऐकतो, पण तीही मला आता काठावरच्या माणसांची कथा वाटते. १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी जन्मलेल्या या मुलाचा पहिला वस्ताद म्हणजे त्याचे वडील दादासाहेब. ते स्वतः जुने मल्ल. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात खाशाबा आले आणि महाराजांची ती दोन वसतिगृहे, पुस्तकाचे आणि मातीचे, एका माणसात एकत्र आली. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी कोल्हापूरच्या छत्रपतींनी साहाय्य केले. जन्मभर मातीत खेळलेला हा गडी तिथे गादीवर उतरला. तिथले नियम वेगळे, पाय धरण्याची रीत वेगळी, गुणांचा हिशेब वेगळा. तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. या वेळी त्यांना गादीवरचे धडे दिले, तेही एका निवृत्त मल्लानेच. रीस गार्डनर हे त्या परदेशी वस्तादाचे नाव.

१९५२ साली हेलसिंकीची वेळ आली, तेव्हा संस्थान उरले नव्हते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले होते. राजाश्रय संपला होता आणि लोकाश्रयाला अजून हातपाय फुटले नव्हते. त्या मधल्या पोकळीत एक मास्तर उभा राहिला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगावच्या लोकांनी पदरचे चार-दोन रुपये घातले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक असे हे पहिले ऑलिंपिक पदक. परत आल्यावर दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ते सर्वांना ठाऊक आहे. मला अधिक आवडतो तो त्यानंतरचा भाग. खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, त्यांत स्वतः लढले, आणि त्या पैशांतून गुरुजींचे घर सोडवले. पदक गळ्यात असताना कर्ज आठवणे, हे त्या पदकाहून जड असले पाहिजे.

आणि मग? १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले, नोकरी केली, निवृत्त झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर. ज्याच्याजवळ देण्यासारखे इतके होते, त्याच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या घेण्याची सोय आपण करू शकलो नाही. मल्ल थकला की संपला, असा समज सरकारदरबारी होता. तालमीत मात्र तसा कधीच नव्हता.

याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे गणपतराव आंदळकर. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे हे पोर कुस्तीसाठी कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. १९६० साली ते हिंदकेसरी झाले. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मान्यांनीही सुवर्ण मिळवले. एकाच जिल्ह्यातल्या दोन खेड्यांनी त्या वर्षी देशाला दोन सुवर्णपदके दिली. १९६४ साली आंदळकर टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उतरले आणि त्याच वर्षी अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले. त्या काळी पाकिस्तानचे मल्लही खासबागेत येत, आणि हरलेल्या पाहुण्याची पाठ थोपटूनच प्रेक्षक घरी जात.

अशा माणसाने कुस्ती थांबवल्यावर काय करावे? नाव होते, मान होता. गावी जाऊन स्वस्थ बसता आले असते. आंदळकर न्यू मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून बसले, ते जवळजवळ जन्मभर. चंबा मुत्नाळ, दादू चौगुले असे मल्ल त्यांच्या हाताखाली तयार झाले. दादू चौगुले राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे. त्यांनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा उचलली आणि १९७४ साली न्यूझीलंडमधल्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणले. आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी काय केले? तेही हौद्याच्या काठावर बसले! १६ सप्टेंबर २०१८ रोजी गुरू गेला. त्याच वर्षी शिष्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला. आणि १९-२० महिने नव्हे, अवघ्या तेरा महिन्यांत, २० ऑक्टोबर २०१९ रोजी, शिष्यही गेला. मी आंदळकरांना पाहिले ते उतारवयात, एका मैदानाच्या कडेला, दुरूनच. लोक त्यांच्या पाया पडत होते आणि त्यांचे डोळे मात्र हौद्यातल्या दोन कोवळ्या पोरांच्या पायांवर होते.

ही रीत आमच्याच मुलखाची आहे असे नाही. दूर मणिपुरात डिंग्को सिंग नावाचा मुष्टियोद्धा होता. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. ते पाहून तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने हातमोजे चढवले. ती मेरी कोम. २०१२ साली तिने लंडनहून ऑलिंपिक पदक आणले. डिंग्को स्वतः पुढे इंफाळला मुलांना मुष्टियुद्ध शिकवत राहिला आणि २०२१ साली अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. हरियाणातल्या भिवानीत जगदीश सिंगांनी असाच मुष्टियुद्धाचा आखाडा चालवला, आणि तिथल्या विजेंदरने २००८ साली पदक मिळवले. ज्या भागात एखादा खेळ नव्याने रुजतो, तिथे आधी मैदान येते असे आपण समजतो. प्रत्यक्षात आधी एक थकलेला खेळाडू येतो. तो घराच्या अंगणात चार पोरे जमवतो. मैदान, छप्पर आणि सरकारी फलक मागाहून येतात.

आपल्या राज्यापुरते बोलायचे, तर खाशाबांच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे जावी लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ते मिळवले स्वप्नील कुसाळेने, तेही नेमबाजीत. हा मुलगा दादू चौगुल्यांच्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. आणि त्याच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे या स्वतः २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. मातीच्या जागी बंदूक आली, वस्ताद होताच.

तालमीचे सारेच गोडवे गाण्याजोगे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. खुराकाचा खर्च आज गरीब शेतकऱ्याला झेपत नाही. मुलगा मोठा मल्ल होईल म्हणून म्हैस विकणारे बाप मी पाहिले आहेत, आणि तो न झाल्यावर त्याच मुलाशी अबोला धरणारेही. शंभर पोरांतले एखादेच मैदान गाजवते. बाकीच्यांचे काय, हे कोणी विचारत नाही. त्यात स्पर्धा गादीवर आणि यात्रेतले इनाम मातीवर, अशी पोरांची दोन दरडींवर पाय ठेवल्यासारखी स्थिती. मुलींना तर पिढ्यान्‌पिढ्या तालमीचा उंबरा बंद होता. आता मुरगूडसारख्या कागल तालुक्यातल्या गावात मुली गादीवर पकडी शिकतात, राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात, ही त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट. जुन्या वस्तादांपैकी काहींनी नाके मुरडली. काहींनी मुकाट्याने आपल्या नातींना माती दाखवली.

आता माझ्या त्या विद्यार्थ्याचे सांगतो आणि थांबतो. यंदाच्या चैत्रात एका यात्रेच्या फडात त्याचा गुडघा निखळला. डॉक्टरांनी सांगितले, कुस्ती बंद. सोळा वर्षांचे पोर एका दुपारीत निवृत्त झाले. बाप त्याला न्यायला आला. माझ्या देखत म्हणाला, “आता हितं ठिवून काय करू? ना शाळा धड, ना कुस्ती.” मी समजुतीची चार वाक्ये जुळवत होतो, मास्तरला तेवढेच येते. वस्ताद उठले, आत गेले आणि पोराच्या हातात फावडे देऊन परत आले. म्हणाले, “दादा, धाव्वीपतूर ऱ्हाऊ द्या हितंच. सकाळी बारकी पोरं हायेत धा-बारा, त्येंची बैठक ह्यो मोजंल. चुकलं तर सांगंल. हाताखाली मानूस पायजेच हाय मला. माजं तरी गुडघं कुटं ऱ्हायल्यात?”

बाप काही बोलला नाही. एकटाच गावी गेला.

त्याला आता सात महिने झाले. मुलगा लंगडत हौद्याच्या काठावर बसतो आणि लहान पोरांवर डाफरतो. वस्ताद त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखे करतात. शाळेत तो झोपत नाही. परवा सुट्टी लागायच्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला आणि विचारू लागला, “सर, रोमच्या त्या रंगणात जे लढायचे, त्यांना शिकवायचं कोण?”

मी त्याला सांगितले, की तिथेही लढून मोकळे झालेले जुने गडीच नव्यांना शिकवत असत. तो थोडा वेळ उभा राहिला. मग “बरं” म्हणाला आणि एस. टी. गाठायला निघून गेला.

आज सकाळी अभ्यंगस्नान उरकून, फराळाचा डबा घेऊन मी तालमीत गेलो. वस्ताद एकटेच माती ओढत होते. चकली दाताखाली फोडत म्हणाले, “भाऊबीज झाली की येतो म्हणालाय पोरगा. तवर माती मऊ व्हाया पायजे.”